सेवकांचा सेवक आणि सिसिलीची रयत

इसवी सन ५८९ च्या अखेरीस टायबर नदीला आलेल्या महापुरात रोममधील चर्चची धान्याची कोठारे खचली, पाठोपाठ प्लेगची साथ आली आणि तीत पोप दुसरा पेलाजियस हाही दगावला, तेव्हा शहरातील लोकांनी धर्मपीठावर बसविण्यासाठी ज्या ग्रेगरीला पुढे ओढले, तो त्या मानाला मुळीच उत्सुक नव्हता. सिनेटरांच्या घराण्यात जन्मलेला हा पुरुष तरुणपणी रोमचा नगराधिकारी होता. पुढे वडिलोपार्जित दौलतीतून त्याने सिसिलीत सहा मठ उभारले, सीलियन टेकडीवरील राहता वाडाही मठाला देऊन टाकला आणि त्याच वाड्यात साधा संन्यासी होऊन तो राहू लागला. तेथूनही त्याला उठवून पोपचा वकील म्हणून कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दरबारी धाडण्यात आले, तेव्हा सत्ता म्हणजे काय हे त्याने दुरून नव्हे तर आतून पाहिले होते.

पोप झाल्यावर तो आपल्या काही लेखांच्या आरंभी स्वतःस 'देवाच्या सेवकांचा सेवक' असे म्हणवू लागला. कॉन्स्टॅन्टिनोपलचा धर्माध्यक्ष जॉन हा 'विश्वधर्माध्यक्ष' ही पदवी मिरवीत असे, त्याला टोला म्हणून ग्रेगरीने हे बिरुद धारण केले, अशी कथा सांगतात. पण ती सांगणारा चरित्रकार त्याच्यामागून पावणेतीनशे वर्षांनी झाला, आणि अशाच आशयाचे शब्द हिप्पोच्या ऑगस्टिननेही पूर्वी वापरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कथेवर फारसा भर देण्याचे कारण उरत नाही. नम्रतेची बिरुदे जगात पुष्कळांनी लावली आहेत. ग्रेगरीचे वेगळेपण त्याच्या मायन्यात नसून त्याच्या दप्तरात आहे.

रोमच्या चर्चची त्या काळी इटली, सिसिली, सार्डिनिया, आफ्रिका येथे विस्तीर्ण जमीनजुमल्याची मिळकत होती, आणि कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बादशहाचे अधिकारी दूर व लोंबार्ड टोळ्या वेशीपाशी अशा स्थितीत शहराचे पोट त्या मिळकतीवरच भरत असे. सिसिलीच्या मिळकतीवर पीटर नावाचा एक कनिष्ठ धर्माधिकारी मुखत्यार म्हणून नेमलेला होता. त्याला ग्रेगरीने ५९१ साली जे लांबलचक पत्र लिहिले, ते वाचताना आपण एखाद्या धर्मगुरूचे प्रवचन वाचीत नसून जमाबंदीची बारीक जाण असलेल्या एखाद्या कारभाऱ्याची ताकीद वाचीत आहोत, असे वाटू लागते. सुगीच्या वर्षी कुळांकडून पडत्या भावाने धान्य घेण्याचा रिवाज पडला होता, तो मोडून बाजारात जो भाव असेल तोच द्यावा. धान्याचे माप १८ सेक्स्टारींचे असताना काही ठिकाणी त्याहून मोठ्या मापाने वसूल होतो, तो तत्काळ बंद व्हावा. खोटी वजने आढळतील ती मोडून नवी करावीत. कुळाच्या लग्नावर घ्यावयाची पट्टी एका सोन्याच्या नाण्यावर जाऊ नये, आणि गरिबाकडून तितकीही घेऊ नये. पहिल्या हप्त्याचा सारा भरण्यासाठी पीक हाती येण्यापूर्वीच कुळे सावकाराच्या तावडीत सापडतात, म्हणून चर्चच्या खजिन्यातून त्यांस तगाई द्यावी आणि ती जसजशी जमेल तसतशी फेडून घ्यावी, असेही त्यात आहे. या सर्वांवर कडी करणारे कलम शेवटी येते: हे पत्र गावोगाव सर्व कुळांना वाचून दाखवावे, म्हणजे जुलूम झाला तर कशाच्या आधारे दाद मागावयाची हे त्यांना कळेल. वरिष्ठाने कनिष्ठास दिलेली ताकीद कनिष्ठाच्या हाताखालच्या रयतेला ऐकविणे, म्हणजे आपल्याच अंमलदाराविरुद्ध पुरावा रयतेच्या हाती देणे होय. हे धाडस किती राज्यकर्त्यांनी केले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

याच पीटरने एकदा पोपसाठी एक निकृष्ट घोडा आणि पाच चांगली गाढवे पाठविली, तेव्हा घोडा निकृष्ट म्हणून आणि गाढवे गाढवे म्हणून, दोहोंवरही बसता येत नाही, असे त्याला मिस्कीलपणे कळविणारा मनुष्यही हाच.

रोममध्ये दर महिन्याच्या आरंभी धान्य, मद्य, भाजी, तेल, मासे यांची वाटणी होई, आणि दान घेणाऱ्यांची नावे नोंदविलेला जाडजूड ग्रंथ लॅटरन प्रासादात पुढे कित्येक पिढ्या जपून ठेवला होता, असे त्याच चरित्रकाराने लिहिले आहे. शहरात एक भिकारी मेलेला आढळला तेव्हा हा आपल्या हातूनच झालेला खून समजून ग्रेगरी काही दिवस उपासनेच्या वेदीजवळ गेला नाही, हीही आख्यायिका त्यानेच नोंदविली आहे.

तथापि या सेवकाच्या हातात दंड होता आणि तो उगारण्यास तो कचरत नसे. त्याच्या मठातील जस्टस नावाच्या संन्याशाने तीन सोन्याची नाणी लपविल्याचे उघडकीस आले, तेव्हा मरणोन्मुख अवस्थेत त्याचे सांत्वन करण्यास त्याने सर्वांना मनाई केली आणि प्रेत त्या नाण्यांसह उकिरड्यात पुरविले. पुढे त्याच्या आत्म्यासाठी तीस दिवस उपासना करविली, ही गोष्ट निराळी. बादशहा मॉरिसचा मुलाबाळांसह वध करून गादी बळकावणाऱ्या फोकासला त्याने लिहिलेले अभिनंदनपत्र तर त्याच्या चाहत्यांनाही गिळता येत नाही, आणि येऊही नये. चर्चच्या जमिनीला बांधलेली कुळे त्याच्या अमदानीतही बांधलेलीच राहिली.

धर्माध्यक्षाने कसे वागावे याविषयीचा त्याचा ग्रंथ युरोपभर अनेक शतके वाचला गेला, नवव्या शतकात इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाने त्याचे आपल्या भाषेत रूपांतर केले. सदाचारी माणसांचा सोबती आणि दुराचाराचा शास्ता, या दोन भूमिका एकाच माणसाने पेलाव्यात, असा त्याचा मथितार्थ. ५९८ साली अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष युलोजियस याने पत्रात 'आपल्या आज्ञेप्रमाणे' असे लिहून वर त्याला 'विश्वपोप' म्हटले, तेव्हा ग्रेगरीने दोन्ही शब्द परत केले: मी आज्ञा केली नव्हती, मला उपयुक्त वाटले ते कळविले होते, आणि माझ्या बंधूंचा मान कमी करून मिळणारा मान मला नको.

त्याचे 'सेवकांचा सेवक' हे बिरुद मात्र पुढे वाढतच गेले. नवव्या शतकापासून ते पोपच्या लेखांत नित्याचे झाले, बाराव्या शतकापासून केवळ पोपचेच ठरले, आणि शिशाचा शिक्का लटकविलेल्या भारदस्त आज्ञापत्रांचा तो ठराविक मायना बनला. ८ जानेवारी १४५५ रोजी पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला जे आज्ञापत्र दिले, त्याच्या पहिल्याच ओळीत पोप हा देवाच्या सेवकांचा सेवक आहे, आणि पुढे मुसलमान व मूर्तिपूजक यांना कायमचे गुलाम करण्याच्या मुभेवर शिक्कामोर्तब आहे. मायना ग्रेगरीचा होता, मजकूर त्याचा नव्हता. गोव्याचे धर्मपीठ तिसऱ्या पॉलच्या ३ नोव्हेंबर १५३४ च्या आज्ञापत्राने उभे राहिले तेही याच बिरुदाखाली, आणि त्या पीठावर कोणाला बसवावे हे सुचविण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाच्या हाती राहिला.