आपल्या गावाचा नकाशा आपण करावा

१८०२ साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात झाली. अवजड थिओडोलाइट टेकड्या-गोपुरांवर चढवत ही मोजणी उत्तरेकडे सरकली. १८२३ मध्ये विदर्भात हिंगणघाटला लॅम्ब्टन वारला, तेव्हाही ती अपुरीच होती. नकाशा करणे हे तेव्हा सरकारचे काम होते, आणि पुढेही दीर्घकाळ तसेच राहिले.

ही स्थिती आपल्या डोळ्यांदेखत पालटली. १९७२ पासून पृथ्वीची छायाचित्रे टिपणाऱ्या लँडसॅट उपग्रहांचा साठा २००८ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य झाला. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रेही तशीच मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप तर स्वयंसेवकांनीच घडवला. हे सारे थर एकावर एक ठेवून तपासण्यासाठी क्यूजीआयएस ही मुक्त संगणकप्रणाली आहे. या विद्येत पाऊल टाकायला आता हवा फक्त एक नेमका प्रश्न.

समजा, प्रश्न असा आहे : भर उन्हाळ्यात भीमेवरच्या उजनी धरणाच्या जलाशयाचे पाणी किती मागे हटते? पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून त्या पट्ट्यात ते काळे दिसते. सेंटिनेल-२ च्या या पट्ट्यातला एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा. असे शंभर चौकोन म्हणजे एक हेक्टर. काळे चौकोन मोजले की पाण्याचे क्षेत्रफळ हाती येते. धरण पूर्ण झाले १९८० साली. त्यामुळे लँडसॅटची सुरुवातीची चित्रे मिळवली, तर बुडण्यापूर्वीचे भीमेचे खोरेही ढोबळपणे पाहता येते.

पण इथेच एक मेख आहे. जलपर्णी अवरक्त प्रकाश परावर्तित करते. तिने झाकलेले पाणी संगणकाला हिरव्या शेतासारखे वाटते आणि जलाशय कागदावर आक्रसतो. ती चूक पकडतो काठावर राहणारा माणूस. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा ढगांपलीकडे पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारकडे वळावे लागते. मोजमापाच्या चौकटीतही चकवे आहेत : ७८ अंश रेखावृत्त महाराष्ट्रातून जाते, त्यामुळे पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम या नकाशापद्धतीत पुणे ४३ व्या पट्ट्यात, तर नागपूर ४४ व्या. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिमानावर बेतलेले. ते रूपांतर न करता आजच्या उपग्रहचित्रावर ठेवले, की रस्ते आणि ओढे जागचे हललेले दिसतात.

म्हणून प्रत्येक थराला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणी मोजले, केव्हा मोजले, कशासाठी मोजले? उत्तर मिळेपर्यंत रंगीत नकाशावर विश्वास टाकू नये.

या क्षेत्रात नवख्या माणसाला संकोच वाटतो, तो अनाठायी आहे. तंत्र शिकता येते. उलट पाणंद कुठे बुजली, वस्तीला लोक काय म्हणतात, पाझर तलाव कधी आटतो, हे कुठल्याही उपग्रहाला कळत नाही. भारतात २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्यावरची बरीच बंधने सैल केली आहेत. तेव्हा पायाखालची एखादी जागा निवडा, तिथली वाट ओपनस्ट्रीटमॅपवर आखा, नाव देवनागरीत लिहा. दुसऱ्याच्या नकाशावरून मात्र उतरवू नका. स्वतः चालून पाहा. पुढची प्रकरणे त्या चालण्याला लागणारी साधने पुरवतील.