मुसीचा पूर आणि छोटे बांध

हैदराबादेत १९०८ च्या पुराचा विषय निघाला की सगळे अतिवृष्टीचंच बोलतात. मला मात्र विश्वेश्वरय्यांनी दिलेला एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. शहराच्या वरच्या अंगाला मुसीच्या पाणलोटात ७८८ लहान तलाव होते. त्यातले २२१ फुटले. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की माथा झिजतो, खाच पडते आणि बघता बघता बांध जातो. वरच्या तलावाचा लोंढा मग खालच्यावर. २८ सप्टेंबरला हजारो माणसं गेली.

आज धरणाची ‘धोक्याची वर्गवारी’ करतात ती बांध किती मजबूत यावर नव्हे, तर तो फुटला तर खाली कोण सापडेल यावर. म्हणजे धडधाकट बांधही खाली वस्ती आली की वरच्या वर्गात जातो. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात खाजगी मालकही येतो, पण १० मीटरपेक्षा बुटकी धरणं येत नाहीत. मुसीवर घात झाला तो लहान तलावांनीच ना?

म्हणून माझी विनंती: गावच्या तलावाचा इतिहास लिहाल तेव्हा कोणी बांधला एवढ्यावर थांबू नका. बांधाखाली तेव्हा काय होतं आणि आज काय आहे, तेही नोंदवा.