पाचवं चाक: जोड नेमका कुठे बसवायचा?

अमेरिकेतल्या हायवेंचे व्हिडिओ बघताना तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. पुढे एक पिकअप, मागे चाकांवरचं भलंमोठं घर. आणि त्या घराचं नाक बंपरला नाही, तर थेट पिकअपच्या हौद्यात टेकलेलं. या ट्रेलरला तिकडे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. आता चाकं मोजायला बसाल तर हिशोब लागणार नाही. कारण हे नाव घोडागाडीच्या जमान्यातलं आहे.

बैलगाडीला दोन चाकं. बैल वळले की अख्खी गाडी वळते. चार चाकांच्या गाडीत मात्र पुढचा आस, म्हणजे ॲक्सल, स्वतंत्र फिरावा लागतो. म्हणून आस आणि गाडीच्या मधे एक लोखंडी कडं आडवं बसवायचे. गाडीचा भार त्या कड्यावर, आणि वळणंही त्याच्यावरच. हेच ते पाचवं चाक.

पण यात एक भानगड होती. जास्त वळलं की पुढची चाकं गाडीच्या अंगाला घासायची. उपाय काय? चाकंच लहान करा. मुंबईची व्हिक्टोरिया आठवते? तिची पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असायची, ती उगाच नाही.

मोटार आली तेव्हा पुढचा अख्खा आस फिरवायची पद्धत मागे पडली, चाकंच वळायला लागली. पाचव्या चाकाचं काम संपलं असं वाटलं. पण ट्रेलरने त्याला परत आणलं. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने फोर्डच्या मॉडेल टी मागे होडी ओढून न्यायला एक ट्रेलर बनवला. ज्या लाकूड व्यापाऱ्यासाठी तो बनवला, त्याने मग लाकूड वाहायलाही तसेच ट्रेलर मागितले. 1918 मध्ये फ्रुहॉफची कंपनी उभी राहिली. ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधे ते जुनं आडवं कडं नव्या रूपात आलं. आपल्याकडे ट्रेलरवाले पुढच्या इंजिनवाल्या भागाला आजही ‘घोडा’ म्हणतात. नाव किती चपखल आहे बघा!

घरवाल्या ट्रेलरकडे हा जोड आणला तो विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने. 1920च्या दशकाच्या शेवटी त्याने ‘एअरोकार’ काढली. त्याची युक्ती भारी होती: गाडीच्या मागच्या भागात एक टायर चक्क आडवा बसवायचा आणि ट्रेलरची पिन त्याच्या मधोमध अडकवायची. हवा भरलेला टायर धक्के खाऊन टाकायचा.

मग आज असा ट्रेलर घेणाऱ्याने हिच कसा निवडायचा? प्रश्न तेच दोन, घोडागाडीवाल्याचे: भार कुठे पडतो आणि वळताना काय घासतं?

आधी भार. अशा ट्रेलरचं साधारण 15 ते 25 टक्के वजन पिनवर येतं. म्हणजे 4,500 किलोच्या ट्रेलरचे जवळपास 700 ते 1,100 किलो थेट पिकअपवर. त्यात हिचचं वजन, माणसं, सामान मिळवा. ‘इतकं ओढते’ हा जाहिरातीतला आकडा बघून भागत नाही, ‘इतकं अंगावर पेलते’ हा आकडा बघायचा. आणि हिच मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे हवा. तो मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते.

मग वळण. 8 फुटी हौदा असेल तर एका जागी पक्का बसवलेला हिच सहसा चालतो. हौदा आखूड असेल तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर आदळू शकतो. त्यासाठी सरकता हिच मिळतो: हळू वेगात, अरुंद जागी वळताना तो मागे सरकवायचा, रस्त्याला लागण्याआधी परत जागेवर आणून लॉक करायचा. हे लॉक विसरलात तर तोच भार आसाच्या मागे जातो.

थोडक्यात काय, दुकानदार ब्रँड दाखवायच्या आधी तुम्ही टेप काढा, हौदा मोजा आणि पिकअपच्या दारावरचं वजनाचं स्टिकर वाचा. महाग हिच घेतला म्हणून आखूड हौदा लांब होत नाही.

आजच्या भागात इतकंच. भेटू पुढच्या भागात!