तण (बागेतील)

तण : बागेत न लावता उगवणारी आणि लावलेल्या झाडांच्या वाट्याचे पाणी, अन्न, ऊन व जागा घेणारी वनस्पती. वनस्पतिशास्त्रात 'तण' नावाचे कूळ वा वर्ग नाही. जागा आणि बाग राखणाऱ्याचा हेतू यांवरून ते ठरते.

उदाहरणार्थ, बंगळूरच्या बसवनगुडीत १८९८ च्या प्लेगच्या सुमारास आखलेली वसाहत पाहा. तेथील जुन्या घरांपुढच्या बागांत हरळी (कन्नड : गरिके) गुलाबाच्या वाफ्यात दिसली की खणून काढतात. हिरवळीसाठी मात्र तीच लावतात आणि गणेशचतुर्थीला दूर्वा म्हणून तिच्याच जुड्या गांधी बाजारातून विकत आणतात. घोळ ही कुंडीत तण, ताटात भाजी. तिच्याच प्रजातीतला चिनी गुलाब हौसेने लावला जातो.

लक्षणे : तण लवकर फुलते व भरपूर बी धरते. बी मातीत वर्षानुवर्षे सुप्त राहू शकते. खणताना उजेडात आले की रुजते. हरळी जमिनीवरच्या धावत्या खोडांनी व जमिनीखालच्या खोडांनी पसरते. नागरमोथ्याच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात. नुसते पान उपटले तर त्या पुन्हा फुटतात. उटण्यात घालतात त्या याच सुगंधी गाठी.

परदेशी तणे : घाणेरी १८०९ मध्ये शोभेचे झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पुढे रानोमाळ पसरली. गाजर गवताची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली. त्याच्या स्पर्शाने त्वचादाह होतो, परागांमुळे दम्याचा त्रास वाढतो. त्याची पाने खाणारा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला व १९८४ मध्ये तेथे मोकळा सोडण्यात आला. तो मुख्यतः पावसाळ्यात सक्रिय असतो. कोरड्या दिवसांत मातीत सुप्त राहतो.

नियंत्रण : बंगळुरात एप्रिल-मेच्या वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडतो, त्यामुळे एका खुरपणीने भागत नाही. फुले येण्यापूर्वी, माती ओली असताना तण काढावे. हरळी व नागरमोथा खोडे-गाठींसह खणावा. मोकळ्या मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून बी येते, म्हणून खत पूर्ण कुजलेले वापरावे. गाजर गवत हातमोजे घालूनच उपटावे.