लाल दिव्यानंतर ३० तास ३९ मिनिटं

बॉस्टनच्या पश्चिमेला आणि वायव्येला सडबरी, वेस्टफर्डसारख्या गावांत बहुतेक घरांपर्यंत सार्वजनिक गटार पोचलेलं नाही. सांडपाणी आवारात पुरलेल्या सेप्टिक टँकमध्ये जातं. गाळ तिथे बसतो आणि निवळलेलं पाणी लीच फील्डमध्ये, म्हणजे खडी-वाळूच्या पट्ट्यातून, जमिनीत मुरतं. मॅसॅच्युसेट्सच्या ‘टायटल फाइव्ह’ नियमानुसार या पट्ट्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान ४ फूट उंच हवा. भूजल वर असेल तिथे भराव घालून पट्टा उचलावा लागतो. मग पाणी चढावर न्यायला सेप्टिक टँकच्या पुढे दुसरी टाकी आणि तिच्यात पंप.

पुढचं घर प्रातिनिधिक आहे. त्यातली माणसं आणि वेळा रचलेल्या आहेत, मापं अशा घरांत असतात तशी आहेत.

चार बेडरूम, सहा माणसं: यजमान, त्याची बायको, दोन मुलं आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. पाच दिवसांचा गणपती मंगळवारी बसला. शनिवारी दुपारी ३४ पाहुणे जेवायला, संध्याकाळी ५ वाजता विसर्जन. मखर बेसमेंटमध्ये, कारण एवढी माणसं तिथेच मावतात. तिथेच एक बाथरूम आहे. तिच्या शॉवरखालची जाळी हा घरातल्या सगळ्या ड्रेनेजचा सर्वांत खालचा बिंदू.

गुरुवार, रात्री ९.४०

वीज कडाडते. दिवे क्षणभर मंद होऊन पुन्हा येतात. घड्याळंही चुकत नाहीत, म्हणून कोणी उठत नाही.

बेसमेंटमधल्या मुख्य विद्युत पेटीत पंपाचा ब्रेकर पडलेला असतो. पडलेल्या ब्रेकरचा खटका पूर्ण ‘बंद’कडे जात नाही, चालू आणि बंद यांच्या मधेच थांबतो. शेजारच्या खटक्यांपासून त्याचं अंतर काही मिलिमीटर.

पंप बंद. टाकीपासून शॉवरच्या जाळीपर्यंत उरलेली जागा: ३,८४० लिटर.

शुक्रवार, सकाळी ७.५२

रात्रीचे फ्लश, डिशवॉशर आणि सकाळच्या चार अंघोळी मिळून ४०० लिटर पाणी टाकीत उतरलं आहे. एरवी यातल्या १६० लिटरवर मधला फ्लोट, म्हणजे तरंगता स्विच, उचलला जाऊन पंप सुरू झाला असता. आता पाणी आणखी ३ इंच चढून सर्वांत वरच्या फ्लोटला तिरकं करतं.

युटिलिटी रूममधल्या करड्या पेटीवर लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजू लागतो. नियमानुसार अलार्मचं सर्किट पंपाच्या सर्किटपासून वेगळं ठेवावं लागतं. पंपाची वीज गेली तरी इशारा जिवंत राहावा यासाठी. ती व्यवस्था चोख काम करते.

उरलेली जागा: ३,४४० लिटर.

सकाळी ७.५५

बाबा फुलांची परडी घेऊन खाली आलेले आहेत. आवाज कशाचा ते त्यांना कळत नाही. गेल्या महिन्यात स्मोक अलार्म वाजला तेव्हा सुनेनं बटण दाबून तो बंद केला होता. या पेटीवरही बटण आहे. ते दाबतात. भोंगा थांबतो.

दिवा लाल राहतो. बाबा युटिलिटी रूमचं दार लावून घेतात.

पेटीच्या झाकणावर देखभाल करणाऱ्याचा फोन नंबर असलेला स्टिकर आहे. शाई फिकट झाली असली तरी नंबर वाचता येतो.

सकाळी ८.३०

आणखी दोन अंघोळी, पाच फ्लश. न्याहारीच्या टेबलावर बाबा म्हणतात, “खाली काहीतरी वाजत होतं. मी बंद केलं.” यजमान मीटिंगमध्ये आहे, कानात इअरफोन. तो मान डोलावतो.

उरलेली जागा: ३,२९० लिटर.

सकाळी ११ ते दुपारी ४

उद्यासाठी चादरी, सतरंज्या, पडदे धुवायचे आहेत. वॉशिंग मशीन जुन्या धाटणीचं, वरून कपडे टाकायचं. एका फेरीला १५० लिटर. तीन फेऱ्या होतात. स्वयंपाकघरात डाळी भिजत पडतात, उद्याच्या भाज्या धुतल्या जातात.

पंप चालू असता तर हे पाणी त्यानं दोन हप्त्यांत वर ढकललं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

उरलेली जागा: २,६०० लिटर.

संध्याकाळी ७.३०

कनेटिकटहून थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं मुक्कामाला येतात. घरात आता दहा माणसं.

रात्री ९.१५

यजमानाची बायको घडीच्या खुर्च्या काढायला युटिलिटी रूममध्ये जाते आणि लाल दिवा पाहते. ती नवऱ्याला हाक मारते.

तो खाली येतो, पेटीकडे बघतो. भोंगा वाजत नाहीये. “पाऊस झाला ना काल, टाकीत पाणी शिरलं असेल. उतरेल आपोआप.” ही शक्यता अगदीच खोटी नव्हे, झाकणांच्या सांध्यांतून पावसाचं पाणी शिरतं. पण पंप चालू असेल तर ते उतरायला तासभर पुरतो आणि दिवाही विझतो. हा दिवा १३ तास जळतो आहे. किती वेळापासून, हे घरात फक्त बाबांना माहीत आहे, आणि बाबा वर आरतीची तयारी करत आहेत.

तो विद्युत पेटीही उघडतो. मोबाइलच्या उजेडात ३० खटक्यांवरून नजर फिरवतो. सगळे एका रांगेत दिसतात. “ब्रेकर तर ठीक आहेत.”

ती म्हणते, “फोन करून ठेवूया का?” तो घड्याळ बघतो. शुक्रवारची रात्र, तातडीच्या भेटीचे जादा पैसे. “सोमवारी करतो.”

रात्री ११

घर झोपतं. राखीव जागेची कल्पना अशी: पंप बंद पडला तरी पूर्ण एका दिवसाचं पाणी पोटात घेता यावं. टायटल फाइव्ह बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन धरतो. चार बेडरूमचे ४४० गॅलन, म्हणजे साधारण १,६६५ लिटर. या टाकीत पंप सुरू होण्याच्या पातळीच्या वर १,६८० लिटरची जागा ठेवली होती. त्यातली ३०० उरली आहे. तिच्यापलीकडे दोन्ही टाक्यांच्या छताखालची पोकळी, जी नियमाच्या हिशेबात नाही.

उरलेली जागा, ती पोकळी धरून: २,३०० लिटर.

शनिवार, सकाळी ७.१०

अंघोळी सुरू आहेत. पाणी पंपाच्या टाकीच्या तोंडापर्यंत चढतं आणि मागे, सेप्टिक टँकमध्ये दाबू लागतं. इथून दोन्ही टाक्या एकत्र भरतात. पातळी हळू चढते, इंचाला २०० लिटरहून अधिक लागतात.

भोंगा एकदा गप्प केला की पातळी उतरून पुन्हा चढेपर्यंत तो वाजत नाही. पातळी उतरलेली नाही.

सकाळी ९.००

दहा अंघोळी झाल्या. उरलेली जागा: १,५०० लिटर.

सकाळी ११.३५

पाहुणे येऊ लागले आहेत. सकाळपासून मशीनची एक फेरी आणि स्वयंपाकघरातले दोन्ही नळ.

थोरल्या भावाची मुलगी बेसमेंटच्या बाथरूममधून बाहेर येते. “काका, वर फ्लश केलं की शॉवरमधून गुडगुड आवाज येतो.”

घरातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड पाण्याखाली गेलं आहे. वरून पाणी आलं की आत कोंडलेली हवा जवळच्या जाळीतून निघते. पाणी वर येण्याआधी घर देतं तो हा शेवटचा इशारा.

“जुनं घर आहे बेटा,” काका म्हणतो. दारात आणखी एक गाडी लागलेली असते.

उरलेली जागा: १,००० लिटर.

दुपारी १२.३०

आरती. बेसमेंटमध्ये ४४ माणसं. टाळ, झांजा, मंत्रपुष्पांजली. जाळीतून येणारा आवाज ऐकू जाण्याजोगा नाही.

दुपारी १.३०

पानं वाढली आहेत. साडेअकरापासून ५५ फ्लश, प्रत्येकी ६ लिटर. हात धुण्याचं पाणी वेगळं.

उरलेली जागा: ६०० लिटर.

दुपारी २.०५

मठ्ठा सांडलेली बैठकीची चादर वहिनी मशीनला लावते. मशीन भरायला लागतं. टाकीत अजून त्यातलं काहीच पोचलेलं नाही.

दुपारी २.२०

स्वयंपाकघरात पातेली घासणं चालू आहे. एक नळ मिनिटाला ८ लिटर देतो. तो ३५ मिनिटं चालू आहे.

टाक्या छतापर्यंत भरल्या आहेत. आता पाणी चढणार ते फक्त झाकणांखालच्या अरुंद नळकांड्यांत आणि घराच्या पाइपात. काल इंचाला ८० लिटर लागत होते, इथे त्याच्या काही हिश्शानं काम होतं.

उरलेली जागा: २३० लिटर.

दुपारी २.३०

बारा फ्लश, दहा मिनिटांचा नळ, हात धुणारे पाहुणे. उरलेली जागा: ५० लिटर.

दुपारी २.३१

मशीन धुण्याचं पहिलं पाणी सोडतं: ७५ लिटर, दोन मिनिटांच्या आत.

बेसमेंटच्या शॉवरमध्ये जाळीभोवती काळं पाणी उभं राहतं. शॉवरचा उंबरठा ओलांडायला त्याला फार वेळ लागत नाही.

दुपारी २.३६

वास आधी येतो. मखराजवळ पेंगत बसलेली आई विचारते, “कुठून येतोय?” बाथरूमच्या दाराखालचा गालिचा काळपट झालेला असतो.

दुपारी २.३८

यजमान टॉवेल आणायला वर धावतो. नळ बंद करा असं कोणी सांगत नाही. वर पातेली घासली जात आहेत. एक फ्लश. आणखी एक.

दुपारी २.४४

मशीन दुसरं पाणी सोडतं: ७५ लिटर.

पाणी मखरापासून दीड मीटरवर आहे. उत्तरपूजेआधी मूर्ती हलवायची नाही. बाबा उभ्याउभ्या अक्षता वाहतात, ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, मूर्ती जागेवर किंचित हलवतात आणि मग उचलतात. मोजे ओले झालेले असतात.

दुपारी २.४६

वहिनी जिन्यातून ओरडते, “सगळे नळ बंद करा!” दिवा लागला तेव्हा हे वाक्य पुरेसं होतं.

गालिच्यावर सुमारे २८० लिटर.

दुपारी २.५५

थोरला भाऊ मागच्या आवारात टाकीचं झाकण उघडतो, टॉर्च घेऊन आत वाकतो. पंप अडकला असेल तर काठीनं हलवून बघावा असं त्याच्या मनात आहे.

बाबा त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढतात. मैल्याच्या टाकीत उतरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, दोघंही गेल्याच्या बातम्या त्यांनी नाशिकला अनेकदा वाचल्या आहेत. तिथे साठणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो. “झाकण लाव,” ते म्हणतात. झाकण लागतं.

दुपारी ४.२०

स्टिकरवरच्या नंबरचा माणूस येतो. टाकीकडे न जाता आधी विद्युत पेटीकडे जातो. खटक्यांवरून डोळे नव्हे, बोट फिरवतो. एक खटका सैल लागतो. तो आधी पूर्ण बंद करून मग चालू करतो. आवारात पंप गुरगुरतो.

पंप धडधाकट आहे. तो लगेच पुन्हा बंद करतो. साचलेलं सगळं पाणी एकदम लीच फील्डवर सोडलं तर ते पट्ट्याला पेलणार नाही, दोन दिवसांची चूक कायमची होईल. आधी टँकर बोलावून टाक्या उपसायच्या, मग पंप.

संध्याकाळी ७.१५

टँकर निघून जातो. विसर्जन आवारात बादलीत झालेलं असतं, घरच्या दहा जणांत.

रविवार

गालिचा, त्याखालचा फोम, दोन सोफे, मखर, ११ गाद्या-उशा घराबाहेर. मैलापाण्यात भिजलेलं मऊ सामान धुऊन वापरत नाहीत. भिंतींचं जिप्सम बोर्ड जमिनीपासून ६० सेंटिमीटरपर्यंत कापून काढतात. विम्याच्या कागदांत ड्रेनेज उलट येण्याची जोखीम वेगळं कलम घेतलं तरच धरली जाते. ते घेतलेलं नाही.

यजमान हिशेब मांडतो. लाल दिवा लागल्यापासून जाळीतून पाणी येईपर्यंत ३० तास ३९ मिनिटं. शुक्रवारी रात्री तो पेटीसमोर उभा होता तेव्हा १७ तास १६ मिनिटं बाकी होती.

बाबा एक कागद मागतात आणि करड्या पेटीच्या झाकणावर, स्टिकरशेजारी चिकटवतात. मोठ्या मराठी अक्षरांत:

१. घरातलं पाणी वापरणं थांबवा. मशीन, अंघोळ, फ्लश, सगळं.
२. पंपाचा ब्रेकर बोटानं तपासा. पूर्ण बंद करून एकदाच चालू करा. पुन्हा पडला तर हात लावू नका.
३. शेजारच्या नंबरवर फोन करा. शनिवार असो, रात्र असो.
४. टाकीचं झाकण उघडू नका.
५. एवढं झाल्यावर भोंगा बंद करा.