८ कोअर की ६? स्वस्त प्रोसेसरमधून काय कापलं जातं, त्याचा छोटा इतिहास

हे या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात काही आकडे घाईत निसटले होते, ते इथे नीट लिहिलेत.

तर झालं असं. माझी मावसबहीण ॲनिमेशन शिकते. तिला डेस्कटॉप घ्यायचा म्हणून मावशीने भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. दुकानदाराने कोटेशन दिलं, त्यात प्रोसेसरच्या ओळीत दोन पर्याय होते: रायझन ५ ५६०० आणि रायझन ७ ५७००. पहिल्यात ६ कोअर, दुसऱ्यात ८. किमतीत फरक थोडाच. मावशीचा फोन आला, "अरे, दोन जास्त मिळतायत तर तेच घेऊ की. विचार कसला करायचा त्यात?"

मी म्हटलं, "मावशी, त्यात कॅश निम्मी आहे."

"कॅशचं काय? आपण रोखच देणार आहोत!"

मी हसलो आणि ठामपणे सांगून टाकलं की ६ कोअरवालाच घ्या. फोन ठेवल्यावर मात्र जरा चुळबूळ सुरू झाली. पैसे तिचे, मशीन बहिणीचं, पुढची चार-पाच वर्षं ते चालणार. आणि मी एवढं छातीठोक सांगितलं ते कशाच्या जोरावर? त्या रात्री जुने संदर्भ उघडून बसलो. आजचा भाग त्यातूनच आलाय.

आधी कॅश म्हणजे काय ते पाहू. लग्नघरचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. आचारी म्हणजे कोअर. त्याच्या हाताशी मिसळणाचा डबा असतो, ती झाली एल१ कॅश. मांडवामागे कोठीची खोली असते, सगळ्या आचाऱ्यांत मिळून एक, ती एल३. आणि गावातला वाणी म्हणजे रॅम. डब्यातली हळद लगेच मिळते. कोठीतून काही आणायला थोडा वेळ जातो. वाण्याकडे माणूस पाठवला की आचारी हात बांधून उभा. आजच्या प्रोसेसरमध्ये एल१ मधून माहिती यायला साधारण ४-५ क्लॉक सायकल लागतात, एल३ मधून चाळीस-पन्नास, आणि रॅममधून काही शे.

या दोन्ही गोष्टींची मुळं १९६०च्या दशकात सापडतात. १९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. मोठ्या, संथ मेमरीपुढे एक लहान, वेगवान मेमरी ठेवावी आणि सतत लागणारी माहिती तिच्यात आपोआप राहावी, ही त्यातली कल्पना. ते तिला 'स्लेव्ह मेमरी' म्हणत. १९६८ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० मॉडेल ८५ जाहीर केलं आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये कॅश आली. किती? १६ केबीपासून पुढे.

याच सिस्टिम/३६० च्या आखणीत अग्रभागी असलेले जीन ॲमडाल १९६७ मध्ये दुसरी गोष्ट मांडत होते. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. हिशेब आपल्याच उदाहरणावर करू. समजा एखाद्या कामातला २० टक्के भाग एकालाच करावा लागतो. ६ कोअरवर ते काम ३ पट वेगाने होईल. ८ कोअरवर? ३.३३ पट. कोअर ३३ टक्क्यांनी वाढले, वेग वाढला फक्त ११ टक्क्यांनी. दहा आचारी आणलेत म्हणून एकाच भाताला दहापट लवकर वाफ येत नाही.

म्हणजे विज्ञान साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. मग गोंधळ कुठे होतो? तो होतो विक्रीत. कोअर किती आणि मेगाहर्ट्झ किती हे खोक्यावर मोठ्या अक्षरात येतं. कॅश बारीक अक्षरात. त्यामुळे स्वस्त प्रोसेसर बनवताना काहीतरी कापायचं म्हटलं, की कात्री आधी तिच्यावरच चालते.

या न दिसण्याचा फायदा किती घेतला गेला बघा. १९९०च्या दशकाच्या मध्यात कॅशच्या चिपा मदरबोर्डवर वेगळ्या बसवलेल्या असायच्या. त्या काळात असे काही बोर्ड विकले गेले, ज्यांवरच्या चिपा चक्क पोकळ होत्या. आत काहीच नाही, नुसतं प्लास्टिक! वर बायोसमध्येही फेरफार केलेला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना स्क्रीनवर कॅश असल्याचं दिसायचं. मशीन चालायचं, फक्त संथ. गिऱ्हाइकाला कळणार कसं?

यानंतरचा किस्सा अगदी कायदेशीर आहे. १९९८ साल. अमेरिकेत हजार डॉलरच्या आतले पीसी जोरात खपत होते आणि तिथे एएमडीचे स्वस्त प्रोसेसर इंटेलला त्रास देत होते. इंटेलचा पेंटियम टू महाग पडायचा, कारण एका मोठ्या काडतुसासारख्या डबीत प्रोसेसर आणि शेजारी ५१२ केबी एल२ कॅशच्या वेगळ्या चिपा, असा तो ऐवज होता. इंटेलने सोपा मार्ग काढला: कॅशच्या चिपा काढूनच टाकल्या. एप्रिल १९९८ मध्ये आला तो पहिला सेलेरॉन, २६६ मेगाहर्ट्झचा, एल२ कॅश शून्य.

नाव नवीन, मेगाहर्ट्झ भरपूर. पण रोजच्या ऑफिसच्या कामात त्याला जुन्या पेंटियम एमएमएक्सलाही मागे टाकणं जड जायचं, कारण त्या जुन्या मशीनमध्ये निदान मदरबोर्डवर तरी कॅश असायची. गंमत म्हणजे क्वेक टूसारख्या गेममध्ये हाच सेलेरॉन बऱ्यापैकी चालायचा. त्या गेमला दशांश आकडेमोडीची ताकद हवी होती आणि ती पेंटियम टूची जशीच्या तशी शाबूत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. कापलेली गोष्ट एकच, पण एकाला ती जाणवली आणि दुसऱ्याला फारशी नाही.

चारच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, इंटेलने चूक सुधारली. सेलेरॉन ३००ए मध्ये १२८ केबी एल२ कॅश आली, पेंटियम टूच्या एक चतुर्थांश. पण ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर होती आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची. पेंटियम टूची ५१२ केबी बाहेर होती आणि निम्म्या वेगाने चालायची. लहान पण हाताशी असलेली कोठी, मोठ्या पण लांबच्या कोठीच्या तोडीस तोड निघाली. त्यात हौशी लोकांना कळलं की बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३००ए बऱ्याचदा सरळ ४५० वर पळतो. त्याच महिन्यात आलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू कैक पटींनी महाग होता. स्वस्त प्रोसेसरच्या इतिहासात ३००ए चं नाव अजून आदराने घेतात ते यामुळे.

आणि मग १९९९ मध्ये पहिल्यांदा आपला आजचा प्रश्न समोर आला. ॲबिट कंपनीने बीपी६ नावाचा मदरबोर्ड काढला. त्यावर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसायचे. एका महाग, जास्त कॅशवाल्या प्रोसेसरऐवजी दोन स्वस्त, कमी कॅशवाले. घरच्या मशीनमध्ये दोन प्रोसेसर! पण अडचण होती. तेव्हा घरोघरी असलेल्या विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नव्हता. विंडोज एनटी किंवा लिनक्स घातलं तरच त्याचा उपयोग. ज्यांची कामं वाटली जाणारी होती त्यांनी त्या बोर्डावर वर्षानुवर्षं मशीन चालवली. बाकीच्यांसाठी दुसरा सेलेरॉन म्हणजे मांडवात नुसता बसलेला आचारी.

दहा वर्षं पुढे या. सप्टेंबर २००९. एएमडीने ॲथलॉन टू एक्स४ ६२० आणला, किंमत ९९ डॉलर. चार कोअर शंभर डॉलरच्या आत! कापलं काय? महागड्या फिनॉम टू एक्स४ मधली ६ एमबीची एल३ कॅश, पूर्णच्या पूर्ण. फिनॉमचा सिलिकॉनचा तुकडा सुमारे २५८ चौरस मिलिमीटरचा होता, ॲथलॉनचा सुमारे १६९. तुकडा लहान म्हणजे एका वेफरमधून जास्त तुकडे, म्हणून किंमत कमी. इथे कॅशचा खरा खर्च दिसतो: ती जागा खाते. सुरुवातीच्या काही ६२० मध्ये तर मूळचा फिनॉमचाच तुकडा, एल३ बंद करून घातलेला असायचा. नशीबवान लोकांनी ती बायोसमधून परत चालू करून घेतली. व्हिडिओ एन्कोडिंग करणाऱ्यांना ६२० म्हणजे लॉटरी होती, कारण ते काम चार कोअरमध्ये छान वाटलं जातं आणि त्याला एल३ चं फारसं अडत नाही. गेम खेळणाऱ्यांना एल३ ची उणीव जास्त जाणवायची.

बघा, १९९८ च्या मानाने पारडं फिरलं होतं. गेम मोठे झाले, त्यांचं जग मोठं झालं. कुठलं पात्र कुठे आहे, कशाला धडकतंय, ही माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि प्रत्येक फ्रेमला हवी असते. आता वाण्याकडच्या खेपा गेमलाच महाग पडू लागल्या.

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने हे अगदी उघड करून दाखवलं. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये आधीच्या ५८००एक्स इतकेच ८ कोअर होते, उलट क्लॉक थोडा कमी होता. पण प्रोसेसरच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक मजला चढवून एल३ ३२ वरून ९६ एमबी केली होती. बऱ्याच गेममध्ये तो मोठ्या फरकाने पुढे गेला. रेंडरिंगसारख्या कामात मात्र तो ५८००एक्सच्या किंचित मागेच राहिला.

आणि आता मावशीचं कोटेशन. ५६०० मध्ये ६ कोअर आणि ३२ एमबी एल३. ५७०० मध्ये ८ कोअर आणि १६ एमबी. दर कोअरला वाटणी केली तर एकीकडे सव्वापाच एमबीच्या वर, दुसरीकडे दोन. नाव ७ ने सुरू होतं, आकडाही मोठा, मग कॅश निम्मी का? कारण ५७०० चा सिलिकॉन मुळात ग्राफिक्स पोटात घेऊन चालणाऱ्या, लॅपटॉपलाही लागणाऱ्या आराखड्याचा आहे. तिथे ग्राफिक्सला जागा देताना एल३ १६ वर आणली गेली. डेस्कटॉपच्या ५७०० मध्ये ते ग्राफिक्स बंद आहे, पण गेलेली कॅश काही परत आली नाही. पीसीआय एक्सप्रेसही त्यात चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचं आहे.

इथवर वाचत आलो तेव्हा वाटलं, आपण बरोबरच सांगितलं होतं. आणि तेव्हा लक्षात आलं की बहिणीला एक साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता. सकाळी फोन केला. "तू या मशीनवर नक्की काय करणार?"

"ब्लेंडर, दादा. मॉडेल बनवायचं आणि रेंडर लावायचा. गेम-बिम नाही खेळत मी."

संपलं की! ग्राफिक्स कार्ड माझंच जुनं जाणार होतं, आणि ते रेंडरिंगच्या कामाला धरत नाही. म्हणजे रेंडरचा सगळा भार प्रोसेसरवर. आणि चित्राचे तुकडे करून ते कोअरमध्ये वाटणं हे तर वाटून करायच्या कामाचं आदर्श उदाहरण. त्यात न वाटता येणारा भाग फारच थोडा. तिथे ८ कोअर ६ ना मागे टाकतात, कॅश निम्मी असूनही. मी माझ्या कामाचा, म्हणजे माझ्या संध्याकाळच्या गेमचा, सल्ला तिच्या गळ्यात मारला होता. मावशीला फोन करून सांगितलं, "तूच बरोबर होतीस, ८ वाला घ्या." ती म्हणाली, "मग काल एवढं कॅश-कॅश काय करत होतास?"

तर तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. नावातल्या ५ आणि ७ वर जाऊ नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर एल३ ची ओळ बघा. तिथे काय कापलंय ते कळतं. मग तुमचं काम वाटलं जातं का ते बघा. आत्ताच्या मशीनवर ते काम लावून टास्क मॅनेजर उघडा. सगळे कोअर भरलेले दिसले तर जास्त कोअरचा उपयोग होईल. एखाददुसराच भरला असेल तर नाही. मात्र एक सावधगिरी: रॅमची वाट बघत थांबलेला कोअरही तिथे 'कामात' असल्यासारखाच दिसतो. कॅशची कमतरता टास्क मॅनेजर सांगत नाही. त्यासाठी तुमच्याच कामाच्या, तुमच्याच गेमच्या चाचण्या शोधा.

आणि दुसऱ्यासाठी घेत असाल तर आधी त्या माणसाला फोन करा. मला ते दुसऱ्या दिवशी सुचलं; पैसे तोपर्यंत दिले नव्हते म्हणून बरं.