चिनी सुया आणि सोलापूरचे डॉक्टर

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. सिक्कीमहून कोलकात्याला पोस्टिंग आली आणि सामानाच्या काळ्या पेट्या अजून अर्ध्याच उघडल्यात, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे आमच्या पलटणीतला एक हवालदार. आजचा लेख त्याच्यामुळे लिहितोय, त्याला विचारून लिहितोय. नाव मात्र देत नाही.

गडी पाटण तालुक्यातला. सिक्कीममध्ये पोस्टवर रसद चढवताना त्याच्या कमरेत उसण भरली. जाईल आपोआप, म्हणून बाम चोळून त्याने पंधरा दिवस काढले. मग कळ डाव्या पायात उतरायला लागली. एमआय रूममध्ये जा म्हटलं तर जाईना. तीन महिन्यांवर प्रमोशन कॅडर होतं. डॉक्टरांनी मेडिकल कॅटेगरी खाली केली की कॅडर गेलं, हे फौजेत प्रत्येकाला ठाऊक असतं. मी त्याचा सुभेदार. मी त्याला दामटून पाठवायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "सुट्टीला जाताना सिलिगुडीत थांब. तिथे अ‍ॅक्युपंक्चरवाला आहे एक. माझी आखडलेली मान त्यानेच मोकळी केली. पाच हजार वर्षांची विद्या आहे ती, उगाच टिकलीय का?"

त्याने माझं ऐकलं. चार-पाच दिवस सुया घेतल्या, मग गावी गेला. परत आला तेव्हा हसत होता. दुखणं जवळजवळ गेलं होतं. मीही खूश. पुढे महिन्याभराने एका संध्याकाळी तो म्हणाला, "साब, दुखत न्हाई आता. पन चप्पल पायातनं निसटून जातीय, कळत बी न्हाई."

त्याच रात्री त्याला आरएमओ साहेबांकडे नेलं. त्यांनी त्याला टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या पायाचा चवडा उचलला गेला, डावा जमिनीवरच राहिला. एमआरआयमध्ये सरकलेली गादी नसेवर बसलेली दिसली. ऑपरेशन झालं. पायात ताकद आली, पण अर्धीच. कॅटेगरी खाली गेली, कॅडरही गेलं.

आरएमओ साहेब मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नस जास्त दबली की कधी कधी दुखणं आपणहून कमी होतं. म्हणून आम्ही दुखण्याबरोबर ताकदही तपासतो." म्हणजे त्याची कळ सुयांनी गेली की नस मरत चालली म्हणून गेली, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

माझ्या डोक्यात मात्र माझंच वाक्य अडकून बसलं. पाच हजार वर्षांची विद्या. कोणी सांगितलं होतं मला हे? मग कोलकात्यात आल्यावर मिळेल ते वाचत गेलो.

चिनी भाषेत या उपचाराचं नाव दोन शब्दांचं आहे. पहिला शब्द सुईचा, दुसरा डागण्याचा. दवण्याच्या जातकुळीतल्या एका झुडपाची वाळलेली पानं त्वचेजवळ किंवा त्वचेवर जाळून शेक द्यायचा, हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग. हूनान प्रांतात मावांगत्वी इथे १९७३ मध्ये एक थडगं उघडलं. ते इसवीसनपूर्व १६८ मध्ये बंद झालेलं. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन त्यात आहे, डागण्याचा उपचारही आहे. पण त्या वाहिन्यांवर सुया टोचायचं त्यात कुठे नाही. त्याआधी १९६८ मध्ये हपेई प्रांतात राजपुत्र ल्यू शंगच्या थडग्यात सोन्याच्या चार आणि चांदीच्या पाच सुया मिळाल्या होत्या. हा राजपुत्र इसवीसनपूर्व ११३ मध्ये वारला. 'ह्वांगती नेइचिंग' हा या शास्त्राचा मूळ ग्रंथही साधारण याच काळातला. म्हणजे हिशेब दोन हजार वर्षांच्या थोडा पुढे जातो. पाच हजार वर्षं हा आकडा दंतकथेतल्या पीत सम्राटाच्या नावामुळे येतो, कारण ग्रंथ त्याच्या नावावर आहे.

त्या ग्रंथात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्यात. त्यातल्या काही चक्क शस्त्रं आहेत. गळू फोडायला, रक्त काढायला. आज दवाखान्यात दिसते ती केसासारखी बारीक सुई त्या नवांपैकी फक्त एक.

पुढे सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेइयी नावाच्या राजवैद्याने काशाच्या माणसाचे दोन पुतळे घडवून घेतले. प्रत्येक बिंदूच्या जागी भोक. परीक्षेच्या वेळी पुतळ्यात पाणी भरायचे, वरून मेणाचा थर द्यायचे. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर येई. हे वाचून मला आमची फायरिंग रेंज आठवली. गोळी लागली की नाही, तिथे वाद नसतो.

पण हा मान कायम टिकला नाही. १८२२ मध्ये चिंग सम्राट ताओक्वांगने राजवैद्यांच्या संस्थेतला सुयांचा आणि डागण्याचा विभागच बंद केला. सम्राटाच्या देहाला सुया टोचणं आणि चटके देणं शोभत नाही, असं कारण दिलं. १९२९ मध्ये नानकिंगच्या सरकारपुढे सगळं जुनं चिनी वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. शांघायमध्ये वैद्यांनी एकत्र येऊन विरोध केला, तेव्हा तो बारगळला. त्याच सुमारास छंग तानआन नावाच्या वैद्याने आधुनिक शरीररचनाशास्त्र समोर ठेवून बिंदूंच्या जागा नव्याने मांडल्या, रक्तवाहिन्यांपासून त्या दूर घेतल्या आणि बारीक सुईचा आग्रह धरला. माझ्या मानेत गेलेली सुई ही त्या सुधारणेची. पीत सम्राटाची नव्हे.

आता आपल्या सोलापूरकडे येतो.

इथे कोलकात्यात एका अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यात मी नुसती चौकशी करायला गेलो होतो. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो. माझं आजोळ सोलापूर, भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहिलेलं. परमुलखात आपला माणूस असा भिंतीवर भेटला की ऊर भरून येतो. शेजारी बसलेले एक वयस्कर बंगाली गृहस्थ म्हणाले, "यांनीच ही विद्या चीनहून भारतात आणली." मी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र तारखा जुळवायला बसलो, आणि त्या जुळेनात.

१९३८ मध्ये चीनवर जपानचं आक्रमण चालू होतं. चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने निघाले. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू, आणि आपले कोटणीस, वय सत्तावीस. १९३९ च्या सुरुवातीला ते येनानला पोचले. कोटणीस पुढे आघाडीवर गेले. १९४१ मध्ये, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या आघाडीवरच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय बत्तीस. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

कोटणीस सर्जन होते. छर्रे काढणं, जखमा धुणं, हातपाय वाचवणं, नाहीच वाचले तर कापणं, हे त्यांचं काम. सुयांचं नाही.

सुयांचं पान त्यांच्या मृत्यूनंतर उलगडतं. येनानला एकीकडून जपान्यांचा आणि दुसरीकडून चीनच्याच सरकारचा वेढा. औषधं मिळत नव्हती. ऑक्टोबर १९४४ मध्ये माओने आपल्या आधुनिक डॉक्टरांना जुन्या वैद्यांबरोबर काम करायला सांगितलं. रन त्सुओथ्येन नावाच्या डॉक्टरने ते मनावर घेतलं, आणि एप्रिल १९४५ मध्ये येनानच्या बेथ्यून शांतता इस्पितळात सुयांचा विभाग उघडला. चू ल्येन ही फौजेतली डॉक्टर बाई तिथेच ही विद्या शिकली. तिने १९५१ मध्ये 'नवं अ‍ॅक्युपंक्चर' हे पुस्तक लिहिलं आणि सुयांचा परिणाम मज्जासंस्थेच्या भाषेत समजावला. त्या पुस्तकावर अभिप्राय चू तेह यांचा. आपले डॉक्टर मागवणारे तेच.

फौजी माणसाला यातलं मर्म चटकन कळतं. सप्लाय लाइन तुटली की हाताशी असेल त्याने भागवायचं. सुई स्वस्त, हलकी, उकळली की पुन्हा वापरता येणारी. पुढे १९६० च्या दशकात चीनने खेड्यापाड्यांत हजारो 'अनवाणी डॉक्टर' तयार केले, त्यांच्या पिशवीतही ती होती.

भारतात ही विद्या आणली ती कोटणीसांचे सोबती डॉ. बसूंनी. ते १९४३ मध्ये मायदेशी परतले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे सुया शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात उपचार सुरू केले. तीन वर्षांनी युद्ध झालं. चिनी नाव नुसतं घेतलं तरी लोक संशयाने बघायचे ते दिवस. तरी सुया इथे टिकल्या. बसूंनी कोटणीसांच्या नावाच्या समितीमार्फत दवाखाने चालवले, शिष्य तयार केले. १९९६ मध्ये पश्चिम बंगालने या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला. भिंतीवर कोटणीसांचा फोटो आहे तो एका मित्राने मित्राची ठेवलेली आठवण म्हणून. मला ही खरी गोष्ट त्या ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त आवडली.

अशीच गंमत अमेरिकेची. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. ऑपरेशन भुलीचं नेहमीचं इंजेक्शन देऊन झालं. दुसऱ्या रात्री पोटात गुबारा धरला, त्यासाठी सुया टोचल्या आणि त्यांना आराम पडला. त्यांनी लेख लिहिला तसाच. लोकांच्या तोंडी मात्र सुयांवरच ऑपरेशन झाल्याची गोष्ट राहिली.

मग सुयांचा उपयोग होतो की नाही? जर्मनीतली एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीचे अकराशेहून जास्त रुग्ण. एका गटाला ग्रंथात सांगितलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरातले सुमारे ४८ सुधारले, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात २७. सुयांनी बरं वाटलं हे खरं. पण जागा चुकली तरी जवळजवळ तेवढंच वाटलं. काशाच्या पुतळ्यातून पाणी आलं नाही तरी विद्यार्थी पास झाला म्हणायचं.

अमेरिकन हवाई दलातल्या डॉ. नीम्त्झो यांनी २००१ मध्ये कानाच्या पाच बिंदूंवर सुया लावायची पद्धत काढली. तिथल्या सैनिकांना वेदनेसाठी ती देतात. पण अगोदर वेदना कशाची आहे ते डॉक्टर बघतो. मी गाळली ती पायरी हीच.

मागच्या रविवारी हवालदाराला भेटायला हॉस्पिटलात गेलो. व्यायाम चालू होता, पायाला चवडा उचलून धरणारा पट्टा. त्याला कोटणीसांची, बसूंची सगळी हकिकत सांगितली. शांतपणे ऐकून घेतली त्याने. मग विचारलं, "साब, म्हंजे सुया खोट्या न्हाईत?"

"नाहीत. माझं बोलणं खोटं होतं," मी म्हणालो. "तुला आधी डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं."

तो जरा वेळ पायाकडे बघत राहिला. म्हणाला, "मी बी लपवलंच की, साब. कॅडरसाठनं."

त्याला पुढच्या वर्षी पुन्हा मेडिकल बोर्ड आहे. आमच्या पलटणीत आता मी एक नियम केलाय. कंबर धरली असं कोणी सांगितलं की आधी त्याला टाचांवर चालायला लावतो आणि तिथून थेट एमआय रूम. रागावला तरी चालेल. तुमच्यातही कोणी दुखणं लपवून सुट्टीची किंवा कॅडरची वाट बघत असेल, तर आज एवढं करून बघा. चवडा उचलला जात नसेल किंवा चप्पल निसटत असेल, तर सुयांचं नंतर बघू. आधी डॉक्टर.

जय हिंद.